रोल पास करणारे चाचा

"जी म्हणालं का?"

चाचा हा प्रश्न दिवसभर विचारत असायचे. उजव्या हातात स्कॅनर, डाव्या हातात नुकत्याच छापलेल्या लेबलांचा रोल, डोळे मिटलेले आणि मान एका बाजूला कललेली. स्कॅनरचा लाल उजेड बारकोडवर पडायचा, 'टुक्' असा आवाज व्हायचा आणि चाचांच्या हिशेबी मशीन 'जी' म्हणालेलं असायचं. आवाज नाही आला तर ते दुसऱ्यांदा विचारत नसत. "चांगलं लेबल एकदा विचारल्यावर जी म्हणतं, बेटी. पुन्हा पुन्हा विचारून म्हणायला लावलं तर ती जबरदस्ती झाली," असं म्हणत रोल बाजूला ठेवून द्यायचे. माझी सकाळभराची मेहनत रद्दीत जायची, आणि वर चहा मागवायचा, तोही मीच फोन करून.

पनवेलच्या खांदा कॉलनीत एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचा लेबलं छापायचा गाळा. दोन प्रिंटर, एक कॉम्प्युटर, कागदाचे आणि रिबनचे खोके. माणसं तीन. डिझाइन करायला मी, मशीन चालवायला उरणकडचा हिरामण आणि रोल पास करायला चाचा. खरं तर चाचा मालक होते, पण मालकाच्या खुर्चीवर बसलेले मी त्यांना फारसे पाहिले नाहीत. कुवेतला एका मोठ्या दुकानाच्या गोदामात उमेदीची वर्षं काढून ते पनवेलला परत आले होते. येताना लोक सोनं, अत्तर, कांबळी आणतात. यांनी एक जुना स्कॅनर आणला. कितीदा तरी पडलेला, कडांचे टवके उडालेला, बटण दाबलं की कुरकुरणारा. आमच्याकडे नवे स्कॅनर होते, पण रोल पास व्हायचा तो या जुन्या स्कॅनरवरच. त्याला वाचता आलं तर दुनियेत कुठेही वाचता येईल, असा चाचांचा साधा विचार होता, आणि तो चुकीचा नव्हता.

बारकोड तुम्हीही रोज बघता. बिस्किटाच्या पुड्यावर, औषधाच्या खोक्यावर, घरी येणाऱ्या पार्सलवर. बघता म्हणजे काय, नजर त्यावरून जाते. मीही नोकरीला लागेपर्यंत तशीच बघत होते. मला वाटायचं, काळ्या रेघा महत्त्वाच्या. पहिल्याच आठवड्यात चाचांनी माझ्या डिझाइनवर बोट ठेवलं. "रेघा छान काढल्यास. पण दोन्ही बाजूंची कोरी जागा कुठे गेली?" मी म्हटलं, तिथे कंपनीचा पत्ता बसवलाय, जागा वाया जात होती. चाचा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्याच घरात घुसून भिंत पाडली होती. "स्कॅनरला कळायला नको, रेघा सुरू कुठे झाल्या? कोणी तुझ्या कानात एकदम मधूनच बोलायला लागलं तर तुला कळेल?" तेव्हापासून मी कोऱ्या जागेला हात लावला नाही. अजूनही कुणाचं लेबल बघितलं की माझी नजर आधी रेघांच्या बाजूला जाते. आपणही कसे घडतो बघा.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. एका मसालेवाल्या शेठना बारकोड लाल रंगात हवा होता. काळा रंग मसाल्याच्या पाकिटावर अशुभ दिसतो म्हणे. चाचांनी वाद घातला नाही. मिठाईच्या खोक्यातला लाल जिलेटिन कागद काढला, लाल रेघांच्या नमुन्यावर ठेवला आणि शेठना म्हणाले, "वाचा." रेघा गायब. "स्कॅनरचा उजेड लाल असतो, शेठ. त्याला लाल रेघ आणि कोरा कागद सारखाच." शेठनी कागद उचलून बघितला, ठेवून बघितला, आणि शेवटी काळ्या रेघांवर तडजोड केली, पण वर लाल कमळ काढून घेतलंच. चाचांनी ते कमळ रेघांपासून दूर सरकवायला लावलं आणि शेठ जाईपर्यंत हसू दाबून ठेवलं.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करायचो. झेंडूची फुलं चाचा स्वतः मार्केटमधून आणायचे, "तुमचा सण, माझी मशीन," म्हणत. एका वर्षी हिरामणने भक्तिभावाने प्रिंटरला हार घातला, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं, आणि जुन्या स्कॅनरला बोटभर कुंकू लावलं ते नेमकं काचेवर. सणानंतर कामाला बसलो तर मशीन जी म्हणेना. चाचांनी काच बघितली आणि कपाळावर हात मारला. "अरे हिरामण, टिळा कपाळाला लावतात की डोळ्यात?" हिरामण शरमला, शर्टाच्या टोकाने काच पुसायला धावला, तर चाचा आणखी भडकले. शर्टाने नाही, ओढणीने नाही, थुंकी तर मुळीच नाही. चष्म्याच्या दुकानात मिळतो तसला मऊ कपडा असायचा त्यांच्या खिशात, त्याच्यावर किंचित स्पिरिट घेऊन त्यांनी काच हलक्या हाताने पुसली. तो कपडा ते रात्री घरी धुवायचे, असं चाचींनी एकदा मला सांगितलं होतं. चाची म्हणजे त्यांची बायको. "माझे कपडे मशीनला टाकतात आणि त्या स्कॅनरचा रुमाल हातानं धुतात," असं त्या म्हणाल्या होत्या.

एवढा जाच कशासाठी, असं मला वाटायचं आणि मी बोलूनही दाखवायचे. कारण आमचं सगळ्यात मोठं काम एका पॅथॉलॉजी लॅबचं होतं. रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायची बारीक लेबलं. एक दिवस चाचांनी एक रिकामी नळी माझ्यासमोर धरली. "यात रक्त असतं. रक्तावर नाव लिहिलेलं नसतं. लेबल वाचलं गेलं नाही की तिथली मुलगी नंबर हाताने टाकते. हाताने टाकला की चुकतो. घाई असते ना तिला. मग कुणाचं रक्त कुणाचं होतं." मग त्यांनी मला लेबल नळीवर आडवं गुंडाळून दाखवलं, तर रेघा गोलाईवर वळून निम्म्या दिसेनाशा झाल्या. उभ्या नळीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक याव्यात, हे मी त्या दिवशी शिकले. त्यानंतर मी चिडले तरी कुरकुर जरा कमी केली.

आणि मग रोल नापास व्हायला लागले.

सुरुवातीला कधीतरी एखादा. मग रोज एखादा. मग लागोपाठ. आम्ही प्रिंटरचं हेड स्पिरिटने पुसलं. रिबन बदलली. छपाई गडद केली, तर रेघा फुगून एकमेकींना चिकटल्या आणि चाचा म्हणाले, "आता तर साफ बिघडवलंस." छपाईचा वेग कमी केला. मी नंबर आखूड करून रेघा जाड केल्या. नवीन हेड मागवलं. हिरामण मशीनच्या पोटात डोकं घालून बसायचा आणि चाचा जुना स्कॅनर घेऊन मान कलती करून उभे. "जी म्हणालं का?" नाही म्हणालं. रोल बाजूला. टाकाऊ रोलांचा खोका भरला, दुसरा भरला. मला रात्री झोपताना रेघा दिसायच्या.

एकदा चाचा नमाजला गेले होते, तेव्हा हिरामणने नापास रोल उचलला, तोच जुना स्कॅनर घेतला आणि माझ्यासमोर बटण दाबलं. टुक्. दुसरं लेबल, टुक्. तिसरं, टुक्. मग त्याने दोन्ही वस्तू जागच्या जागी ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, पट्टी बरोबर हाय. हात बरोबर नाय."

मला ते आधीच कळलं होतं, असं आता वाटतं. चहाचा कप बशीवर वाजायचा. शर्टाचं वरचं बटण ते आता उघडंच ठेवत. उजवा हात बरेचदा खिशात असायचा. ते नुसते बसलेले असतानाही तो हात अंगठा आणि बोट एकमेकांवर घासल्यासारखा हलत राहायचा. बारीक लेबल आणि तो जुना स्कॅनर, दोन्ही हातात, दोन्ही थरथरणारे. नव्या स्कॅनरने कदाचित सांभाळून घेतलं असतं, जुना घेत नव्हता. आणि चाचा डोळे मिटून ऐकत असायचे, त्यामुळे हात त्यांना दिसतही नसे.

"तू सांग," मी हिरामणला म्हटलं.

"मी नाय सांगणार. तुमी सांगा. तुमी शिकलेल्या."

"शिकलेल्याचा काय संबंध?"

"मंग आमी दोगंबी गप बसू," असं म्हणून तो मशीनकडे वळला, आणि आम्ही दोघंही गप बसलो. कुणी सांगावं हो? तुम्ही सांगितलं असतं? ज्या माणसाने आयुष्यभर एकच काम जीव लावून केलं, त्याला ते काम आता जमत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आम्ही आडून प्रयत्न केला. हिरामणने लोखंडी स्टँड आणला, त्यात स्कॅनर अडकवला. स्कॅनर स्थिर, फक्त रोल खालून सरकवायचा. चाचांनी तो बघितला आणि स्क्रू काढायला लावले. "मी काय गल्ल्यावर बसलेला कॅशियर आहे? बाहेर लोक हातात धरूनच वाचतात. हातातच पास व्हायला पाहिजे." ते असं म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज चढला होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की त्यांना माहीत आहे.

त्याच सुमाराला लॅबच्या मॅडमचा फोन आला. लेबलं संपत आली होती. चाचांनी तयार माल अडवून ठेवला होता, दोनदा छापून दोनदा नापास. मी म्हटलं, "चाचा, पाठवू या. मी बघितलंय, वाचतायत."

"तुझ्या हातात वाचत असतील. खराब माल रक्तावर लावणार नाही मी."

"खराब नाही तो!"

"मालक कोण आहे?" असं त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. मी पर्स उचलली आणि घरी गेले. राग आला होता, आणि रिक्षात रडूही आलं.

लॅबमध्ये लेबलं संपली. मुलींनी नळ्यांवर पेनने नंबर लिहायला सुरुवात केली. कुणी घाईत मराठी आकडा लिहिला, कुणी तो इंग्रजी समजून वाचला. बेलपाड्याच्या एका गरोदर मुलीला सांगितलं गेलं की तिची किडनी बिघडली आहे. घरात रडारड झाली. ती धडधाकट होती. पण ज्याची किडनी खरंच बिघडली होती, त्या उरणच्या म्हाताऱ्या कोळ्याला सगळं ठीक असल्याचा कागद मिळाला आणि तो आनंदाने घरी गेला. चूक सापडेपर्यंत दोन-तीन दिवस गेले, आणि त्याला परत आणलं तेव्हा तो चालत आला नाही.

मॅडम स्वतः गाळ्यात आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "चाचा, मला तो खराब माल तरी दाखवा. नक्की काय बिघडलंय?" असं म्हणत त्यांनी पर्समधून लॅबचा स्कॅनर काढला, आमच्या कॉम्प्युटरला जोडला आणि टाकाऊ खोक्यातला वरचाच रोल घेतला. टुक्. टुक्. टुक्. दुसरा रोल. टुक्. त्यांनी खोक्याच्या तळातला एक रोल काढला, तोही वाचला. हिरामण मशीन बंद करून उभा होता. मी कॉम्प्युटरकडे बघत बसले, कारण दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"ही सगळी चालतात, चाचा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

चाचांनी हात पुढे केला. मॅडमनी त्यांचा स्कॅनर दिला. नवा होता, हलका होता. चाचांनी रोल धरला, या वेळी डोळे उघडे ठेवले. लाल रेघ लेबलावर नाचत होती. एका जागी थांबत नव्हती. बराच वेळ आवाज आला नाही. चाचा त्या नाचणाऱ्या रेघेकडे बघत राहिले, मग स्कॅनर परत देत म्हणाले, "माझा जुना स्कॅनर खराब झालाय वाटतं." जुना स्कॅनर त्या वेळी त्यांच्या हातातही नव्हता. त्यांनी खिशातून मऊ कपडा काढला आणि जुन्याची काच पुसत बसले. मॅडम माल घेऊन गेल्या तरी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "चल, एका ठिकाणी जायचंय." वाटेत डाळिंबं घेतली. उरणचा तो म्हातारा पनवेलमध्ये एका इस्पितळात होता. तिथे त्याचा मुलगा बसला होता. चाचांनी आपण कोण ते सांगितलं नाही, नुसतं "भेटायला आलो" म्हणाले. मुलाला वाटलं, बापाचे कोणी ओळखीचे असतील. "लॅबवाल्यांनी घोल घातला, चाचा," तो म्हणाला. "बापूस घरी हसत आला होता."

"लॅबवाल्यांनी नाही," चाचा म्हणाले.

"मंग कोणी?"

चाचांचे ओठ हलले. मी वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांनी बोलू नये असंही मला वाटत होतं. त्यांनी डाळिंबांची पिशवी खाटेजवळ ठेवली आणि म्हाताऱ्याच्या पायांवरची चादर सारखी केली. परत येताना रिक्षात त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. खांदा कॉलनी येईपर्यंत ते बाहेर बघत होते. तो म्हातारा पुढे घरी गेला, पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पनवेलला येऊ लागला. चाचा त्याची विचारपूस मॅडमकडे करत राहिले.

मग एका सकाळी जुना स्कॅनर माझ्या टेबलावर होता. "तू पास करत जा," चाचा म्हणाले. "माझ्या डोळ्यांना आता त्रास होतो." डोळे मिटून काम करणाऱ्या माणसाने हे कारण द्यावं, याचं एरवी मला हसू आलं असतं. मी "बरं चाचा" म्हटलं. ते मालकाच्या खुर्चीत जाऊन बसले. मी रोल वाचायचे आणि ते तिथून विचारायचे, "जी म्हणालं का?" मी "हो" म्हणायचे. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, मग येणं सोडलं. आम्ही दोघं त्यांच्या घरी जायचो, तेव्हा चाची त्यांना बशीने चहा पाजत असायच्या आणि ते आमच्याकडे बघून ओशाळून हसायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, गोळ्याही चालू होत्या. पण हाताचा विषय त्यांनी आमच्यासमोर कधी काढला नाही. पाय भरून येतात म्हणायचे, झोप येत नाही म्हणायचे. हाताबद्दल एक शब्द नाही.

गेल्या वर्षी घरात पडले. कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी इस्पितळात गेले, तेव्हा चाची खाली औषधं आणायला गेल्या होत्या. चाचांच्या मनगटावर पेशंटची कागदी पट्टी होती, नाव, नंबर आणि बारकोड. त्या पट्ट्या आमच्याच गाळ्यातल्या. मी ते त्यांना सांगणार होते, तेवढ्यात सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आली. तिने त्यांच्या मनगटावर स्कॅनर धरला. हात थरथरत होता, पट्टी त्याच्याबरोबर हलत होती. आवाज आला नाही. तिने पुन्हा धरला, पुन्हा नाही.

"या पट्ट्या ना, हल्ली बेकारच येतात," ती वैतागून म्हणाली आणि नंबर हाताने टाकायला कीबोर्डकडे वळली.

"हाताने टाकू नका, सिस्टर," चाचा म्हणाले. आवाज खोल गेलेला होता, पण ती थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "पट्टी चांगली आहे. माझा हात हलतो."

मी उठले आणि त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तो आतून हलतच होता, पण मनगट थांबलं. सिस्टरने स्कॅनर धरला आणि पहिल्या खेपेलाच आवाज आला. तिने इंजेक्शन दिलं, ट्रे उचलला आणि पुढच्या खाटेकडे गेली. ऑपरेशननंतर चाचा शुद्धीवर आले नाहीत, त्यामुळे आमचं शेवटचं बोलणं तेवढंच. सिस्टर गेली तरी मी त्यांचा हात सोडला नव्हता, आणि चाचांनीही तो काढून घेतला नाही.